खैरपाड्याच्या चौकीचा खांब

लडकू सुताराला काम सुरू करायची जेवढी हौस, तेवढाच ते संपवायचा कंटाळा. शहापुरात त्याच्या हातची दारं होती, त्यांना कड्या मात्र दुसऱ्याच कुणी बसवलेल्या. त्याने घडवलेले पाळणे होते आणि त्यांच्या दांड्या त्याच्या चुलतभावाने तासल्या होत्या. हातातलं काम निम्म्यावर आलं की त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. मग तो किन्हवलीला कुणाचं छप्पर बघायला जायचा, डोळखांबला लाकूड बघायला जायचा, आणि त्याची बायको शकू दारात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायची, "येतील, उद्या येतील."

तरी लोक त्यालाच बोलवायचे. कारण त्याचा हात तसा होता. खांबावर बोटाची पेरं आपटून आत काय आहे ते तो सांगायचा, आणि ते खरं निघायचं. वीस वर्षं खरं निघत आलं होतं.

एकोणीसशे चव्वेचाळीस साली शिमगा उरकल्यावर त्याला मुरबाडच्या पलीकडून, टोकावड्याजवळच्या खैरपाड्याहून बोलावणं आलं. बोलावणारी गुणाबाई. तिचा नवरा वारून सहा वर्षं झाली होती, दोन मुलं कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात होती, आणि ती दिराच्या, गणूच्या, मदतीने शेती बघत त्या घरात राहत होती. ते घर मुलखात सगळ्यांना ठाऊक होतं. नाणेघाटातून बैलांचे तांडे उतरायचे त्या काळात जकात घ्यायला ते बांधलं होतं. पुढे जकात गेली, तांडेही गेले, घर गुणाबाईच्या सासरच्यांकडे आलं, पण लोक त्याला अजून चौकीच म्हणत. मातीची भिंत त्याला नव्हतीच. सागाचे सोळा खांब, खांबांच्या खाचांत सरकवलेल्या फळ्या, वर तुळया आणि तुळयांवर माळा. सगळ्या घरात लोखंडाचा खिळा एक नाही. पाड्यातल्या सहा घरांचं भाताचं बियाणं त्या माळ्यावर राहायचं. खालच्या चुलीचा धूर लागून त्याला कीड धरत नसे.

आता मधल्या ओळीतल्या एका खांबावरची तुळई दोन बोटं खाली आली होती. फळ्या आवळल्या होत्या आणि मागचं दार लागेना.

लडकू आपला जोडीदार बुधू करवत्याला घेऊन दीड दिवसाची वाट चालून तिथे पोचला. बुधू डोळखांबच्या बाजूचा, मोठ्या वयाचा, कमी बोलणारा माणूस. गुणाबाईने पाणी दिलं. गणू आला, धोंडी पोलीसपाटील आला, आणखी दोघं-चौघं आले. चौकीला हात लावायचा म्हणजे सगळ्या पाड्याला बघायचं होतं.

खांबावर खालपासून वरपर्यंत वाळवीच्या मातीच्या रेघा गेल्या होत्या. लडकूने एक रेघ नखाने खरवडली. मग कान लावून पेरं आपटली. वरच्या अंगाला आवाज पोकळ आला.

"गेलाय," तो म्हणाला. "आतून पीठ झालंय ह्याचं. काढायला लागेल."

"नीट बघा, मेस्त्री," गुणाबाई म्हणाली. "तुमच्या त्या सामत्याने भोक पाडून बघत नाय का? मागं एक मेस्त्री आला होता, त्याने बघितलं होतं."

सामत्याने भोक पाडायचं, आतला भुसा बाहेर काढायचा, हातावर चोळायचा, हुंगायचा. लडकूचा बाप तसंच करायचा. पण त्याला अर्धा दिवस लागला असता, आणि लडकूला ते बोलणं लागलं.

"माझा कान बघतो ना," तो हसून म्हणाला. बघणारेही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळईखाली दोन्ही बाजूंनी ऐनाच्या लाकडाचे टेकू दिले, टेकूंच्या बुडाशी पाचरी ठोकल्या. खरं तर तुळई बल्ल्यांनी उचलून खांब अख्खा सरकवून काढायचा असतो. त्याला आठ माणसं आणि दोन दिवस लागतात. सडलेल्या खांबासाठी एवढं कोण करतं? लडकूने कमरेच्या उंचीवर कोळशाने रेघ मारली आणि करवतीचं एक टोक बुधूच्या हातात दिलं.

चार बोटं करवत आत गेली असेल. खाली पडणारा भुसा पिवळा तांबूस होता, आणि त्याचा वास आला. जुन्या, तेलकट, पक्क्या सागाचा वास, जो नुसत्या श्वासाने ओळखता येतो. बुधूने करवत थांबवली. त्याने लडकूकडे पाहिलं.

लडकूला कळलं होतं. त्याच क्षणी कळलं होतं. वाळवीला हा खांब नुसता रस्ता होता. त्या रस्त्याने ती वर चढली आणि तुळईचं टोक खाऊन बसली. पोकळ आवाज खांबाचा नव्हताच, वरून येत होता. अजून थांबता आलं असतं. चार बोटांची खाच खांबाने शंभर वर्षं अंगावर बाळगली असती.

पण मागे गणू उभा होता, धोंडी पाटील उभा होता, गुणाबाई पदर खोचून उभी होती, आणि काल सगळे त्याच्या बोलण्यावर हसले होते.

"चालव," लडकू म्हणाला.

बुधूने करवत चालवली.

खांबाचे दोन तुकडे त्याने स्वतः खांद्यावर घेऊन गोठ्यामागे नेले आणि पेंढ्याखाली सारले. "हात लावू नका," त्याने सांगितलं. "वाळवी घरभर होईल." तुळईचं खाल्लेलं टोक मात्र त्याने सगळ्यांना दाखवलं. हाताने चुरलं तर त्याचं पीठ झालं. लोकांनी माना हलवल्या. एवढं मोठं खोटं एवढ्या सहज उभं राहील असं लडकूला वाटलं नव्हतं.

"महिन्याच्या आत नवा खांब आणतो," तो म्हणाला. "तोवर ह्या पाचरी रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घाव ठोकत राहा. ढिल्या पडू देऊ नका."

"आणि माळ्यावरचं बियाणं?"

"हलवायला नको. एवढ्यात काम होईल."

आपली हत्यारांची पेटी त्याने तिथेच ठेवली. परत यायचंच होतं.

शहापूरच्या लाकडाच्या वखारीत त्याने सागाचं एक खोड आधीच हेरून ठेवलं होतं. तिथे गेला तर फाटकाला कुलूप. लढाईसाठी सगळा साग अडवून ठेवला होता. वखारीतल्या कारकुनाने त्याला हात जोडले. "मेस्त्री, देवाच्या देवळाला मागितलात तरी देता यायचा नाही. वरून हुकूम आहे."

तिथून लडकूची वणवण सुरू झाली. तो डोळखांबला गेला. तिथे पाड्यापाड्यात फिरला. साग होता तो कोवळा, मनगटाएवढा. एकाने ऐनाचं खोड दाखवलं, ताजं तोडलेलं. ओला ऐन तुळईखाली घातला तर पावसाळ्यात पीळ खाणार हे त्याला दिसत होतं. तो किन्हवलीला गेला, सरळगावच्या बाजारात विचारलं, मुरबाडला एका वाण्याच्या पडवीतले खांब वळून वळून बघितले, इतके की वाण्याने आत हाक मारून माणूस बाहेर बोलावला. मग परत शहापूर. दोन दिवस घरी, की परत बाहेर.

पूर्वी त्याचे पाय त्याला कंटाळ्याने बाहेर काढायचे. आता ते भीतीने काढत होते. कुठेही बसला तरी त्याला ते दोन टेकू दिसायचे आणि त्यांच्या वर सहा घरांचं बियाणं. वाऱ्याची झुळूक आली तरी तो मान वर करून झाडांचे शेंडे बघायचा. चैत्रातला वारा मुरबाडकडे कसा सुटतो ते त्याला ठाऊक होतं. डोंगर उतरून येतो आणि दुपारी अंगणातलं सूपसुद्धा उडवून नेतो.

शकूने एकदा जेवताना त्याचं ताट बघितलं. भाकरी चुरून पडली होती, खाल्ली नव्हती.

"काय झालंय तुम्हाला?"

"काय नाय."

"लाकूड मिळत नाय म्हणून एवढं? लढाई काय तुमी लावली?"

"गप बस गो!" तो ओरडला, आणि उठून बाहेर गेला. लढाई त्याने लावली नव्हती, हेच तर होतं. लोक त्याला दोष देत नव्हते. खैरपाड्याहून आलेल्या एका गाडीवानाने निरोप सांगितला होता, "गुणाबाई बोलली, सरकारनं लाकूड अडवलं त्याला मेस्त्री काय करील? सावकाश या." तो निरोप ऐकल्यापासून त्याला अन्न गोड लागेना.

बुधू त्याला बाजारात भेटायचा. खांबाबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. तंबाखू मळायचा, अर्धी लडकूच्या हातावर ठेवायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. लडकूला वाटायचं, ह्याने एकदा तरी शिवी द्यावी.

चैत्र संपत आला आणि मुंबईच्या गोदीत मोठा स्फोट झाल्याची बातमी आली. पुढे आठ-पंधरा दिवसांत शहापुरात एक मुकादम उतरला. गोदीकडे सुतार हवे होते, मिळतील तेवढे, राहायची सोय त्यांचीच. लडकूने लगेच हो म्हटलं. मुंबईत कोण विचारणार होतं खैरपाड्याचं? चौकी पडली तरी म्हणता येईल, वाऱ्याने पडली. लढाईने पडली. शकूला त्याने एवढंच सांगितलं की दोन महिन्यांचं काम आहे.

आसनगावच्या फलाटावर मुकादमाने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. प्रत्येकाजवळ हत्यारांची पेटी होती. लडकूचे हात मोकळे होते.

"अरे, तुझी हत्यारं?"

"खैरपाड्याला."

"मग काय दातांनी तासणार? तीन-चार दिवसांनी दुसरी टोळी जाते. घेऊन ये."

लडकू परत फिरला. त्याने मनात सगळं ठरवून टाकलं होतं. जायचं, लाकूड बघायला पेटी हवी म्हणून सांगायचं, पेटी उचलायची, सरळगावच्या वाटेने निघायचं. बसायचंसुद्धा नाही. एका भाताच्या गाडीत बसून तो सरळगावपर्यंत गेला आणि पुढे चालला. दुसऱ्या दिवशी दुपारी खैरपाड्यात पोचला तेव्हा वारा सुटलेला होता. वाटेवरची पळसाची वाळकी पानं भिरभिरत त्याच्या तोंडावर येत होती.

चौकीतून ठोकल्याचा आवाज येत होता. ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक, ठक.

गुणाबाई टेकूच्या बुडाशी उकिडवी बसून त्याच्याच मोगरीने पाचर ठोकत होती. वर तुळई कुरकुरत होती. तिने घाम पुसला आणि त्याला बघून हसली.

"आलात, मेस्त्री? बघा, ढिली नाय पडू दिली. वारा लागल्यापासून दिवसाला चार वेळा ठोकते." तिने तळहात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटला होता. "मोगरी जड हो तुमची. लाकूड मिळालं?"

लडकूची पेटी कोपऱ्यात होती. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून गोणपाट घातलं होतं. चार पावलं होती फक्त.

"गुणाबाई," तो म्हणाला, "खांब सडलेला नव्हता."

"कुठला खांब?"

"कापला तो. चांगला होता. आतून लाल, पक्का."

तिला आधी समजलंच नाही. मग ती मोगरी खाली ठेवून उठली आणि गोठ्यामागे गेली. लडकू मागे गेला. तिने पेंढा बाजूला केला, कापलेल्या तोंडावर हात फिरवला, नखाने ओरखडा काढून बघितला. नख वळलं, लाकडावर खूणही उठली नाही.

"तुला कवा कळलं?" तिने विचारलं. ती त्याला आजवर तुमी म्हणत होती.

"करवत चालली तवा."

"किती चालली होती?"

त्याने बोटं दाखवली. "चार बोटं."

"चार बोटांवर कळलं," गुणाबाई सावकाश म्हणाली, "आणि बाकीचा वीतभर तू जाणून कापलास."

लडकूने मान हलवली.

"का रे?"

"तुमी सगळे बघत होतात."

तिच्या तोंडावर राग यायला वेळ लागला, पण आला तेव्हा तिचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "ह्या खांबाला टेकून माझा सासरा बसायचा. माझा नवरा गेला तवा मी ह्यालाच पाठ लावून तेरा दिवस बसले. सरकारला शिव्या घातल्या मी दीड महिना. माझ्या हाताला फोड आले. आणि हा इथं पेंढ्याखाली चांगला पडून होता." तिने श्वास घेतला. "आता ह्याचं काय होतं? नुसतं सरपण?"

"जोडता येतो," लडकू म्हणाला. "दोन्ही तुकडे तिरके लांब तासायचे, एकावर एक बसवायचे, आरपार खुंट्या मारायच्या, वरून लोखंडी पट्टे. जुना साग आहे. शंभर वर्षं काय होत नाय त्याला."

"मग दीड महिना फिरत का होतास?"

जोडायचा तर तो चांगला आहे हे सांगावं लागलं असतं. हे त्याने तोंडाने म्हटलं नाही, पण ती समजली. तिने पेंढा पायाने दूर लोटला.

"त्या दिवशी जे उभे होते, त्यांना बोलावते. त्यांच्यासमोर तुझ्या तोंडाने सांग. मग हात लाव."

ते आले. गणू, धोंडी पाटील आणि बाकीचे. लडकूने सांगितलं. सांगताना त्याची नजर टेकूच्या पाचरीवर होती. गणू त्याच्या अंगावर धावून आला, पाटलाने त्याला धरलं. एकजण म्हणाला, ह्याला हाकला, टोकावड्याचा सुतार आणा. दुसरा म्हणाला, दुसऱ्याचं अर्धवट काम कुठला सुतार हातात घेतो? पाटलाने विचारलं, "बुधूला ठाऊक होतं?"

"तो थांबला होता," लडकू म्हणाला. "मी चालव म्हणालो."

वर माळा कुरकुरला. सगळ्यांनी माना वर केल्या.

"आधी बियाणं उतरवा," गुणाबाई म्हणाली. "मग भांडा."

संध्याकाळपर्यंत सहा घरांच्या बायका-पुरुषांनी कणग्या रिकाम्या करून पोती खाली आणली आणि गणूच्या पडवीत रचली. लडकूने चाळीस-पंचेचाळीस खेपा केल्या. त्याच्याशी कुणी बोललं नाही. बुधूला निरोप गेला, तो तिसऱ्या दिवशी आला, पेटीजवळ करवत ठेवून नेहमीसारखा खाली बसला.

पुढचे अकरा दिवस लडकू चौकीच्या बाहेर गेला नाही. तुकड्यांची तोंडं त्याने दीड हात लांब तिरकी तासली. एकमेकांवर ठेवायची, उजेडाला धरायची, फट दिसेल तिथे पटाशीने केसाएवढं काढायचं, पुन्हा ठेवायची. चौथ्या दिवशी त्याच्या पायांना नेहमीच्या मुंग्या आल्या. समोरच्या वाटेवरून एक गाडी टोकावड्याकडे निघाली होती. तो उठून उभासुद्धा राहिला. मग खाली बसून त्याने पुन्हा पटाशी उचलली. असं दिवसातून कितीदा तरी झालं. सांधा बसला तेव्हा बुधूने त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हं." त्या सगळ्या दिवसांत तो बोललेला पहिला शब्द हाच.

खैराच्या सहा खुंट्या आरपार गेल्या. पट्टे टोकावड्याच्या लोहाराने तापवून घातले. पण सांध्यात लांबी गेली आणि खांब दीड हात आखूड झाला. आता तो तळाशी दगडावर उचलून घ्यायला हवा होता. तेवढा उंच तळखडा कुठून आणायचा, ह्यावर लडकूने दोन दिवस डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी गणू गाडीतून एक काळा घडीव दगड घेऊन आला. नदीच्या जुन्या उतारापाशी उताणा पडला होता म्हणे. त्याने लडकूकडे न बघता विचारलं, "हा चालंल?"

लडकूने दगड मापला. चार बोटं कमी होता. "खाली चपटा दगड दिला की चालंल," तो म्हणाला.

तुळईचं खाल्लेलं टोक त्याने चांगल्या लाकडापर्यंत कापलं, जुने मोडके वखर आणि नांगर धुंडाळून त्यातल्या सुक्या लाकडाची लांब उशी केली आणि ती खांबाच्या डोक्यावर बसवली, म्हणजे तुळई आतल्या पक्क्या भागावर टेकेल. मग आठ माणसांनी बल्ल्या लावून तुळई उचलली. ह्या वेळी लडकूने घाई केली नाही. एक बोट उचला, थांबा. ओळंबा बघा. आणखी एक बोट. खांब तळखड्यावर उभा राहिला, वर उशीत गेला, आणि तुळई त्याच्यावर बसली तेव्हा सगळ्या घरातून एक लांब आवाज गेला. फळ्या खाचांत सैल झाल्या. मागचं दार आपोआप हललं.

बियाणं पुन्हा वर गेलं. चार दिवसांनी, खांब हलत नाही हे बघून, लडकूने टेकूंच्या पाचरी काढल्या.

खांब काही पूर्वीसारखा दिसत नव्हता. मधोमध सांध्याची तिरकी रेघ, तिच्या खाली-वर काळे पट्टे, तळाशी भलताच उंच दगड. दारातून आलेल्या माणसाची नजर आधी तिथेच जायची. लोक विचारायचे आणि गुणाबाई सगळी हकीकत सांगायची, काही गाळायची नाही. ती हकीकत मुरबाडला गेली, तिथून सरळगाव, किन्हवली, शहापूर. लडकूच्या आधीच ती शकूपर्यंत पोचली होती. तो घरी आला तेव्हा तिने पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "म्हणून जेवण जात नव्हतं होय?" त्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि बराच वेळ उठला नाही.

वर्ष-दोन वर्षं त्याला मोठी कामं आली नाहीत. बाजारात कुणी ना कुणी खांबावर पेरं आपटून दाखवायचं आणि हसायचं. तो पाट-पाळणे करत राहिला. बुधू त्याच्याबरोबरच राहिला. मुंबईला मात्र लडकू गेला नाही. मुकादमाबरोबर पळून जायला निघाला होता, हे एकच त्याने कुणाला सांगितलं नाही, शकूलाही नाही.

खांब उभा राहिला त्याच वर्षी दसऱ्याच्या सुमारास तो न बोलावता खैरपाड्याला गेला. गुणाबाई अंगणात नाचणी वाळत घालत होती. तिने वर बघितलं.

"काय रे?"

"बघायला आलो. पावसाळा गेला ना."

"जा, बघ."

त्याने आत जाऊन ओळंबा लावला, खुंट्या दाबून बघितल्या, सांध्यात नख घालायचा प्रयत्न केला. नख गेलं नाही. खांबाला पाठ लावून एक पाहुणा विडी ओढत बसला होता, त्याला त्याने जरा सरकायला सांगितलं आणि खालचा दगड बघितला. मग तो बाहेर आला.

"बरा हाय," तो म्हणाला.

"मला ठाऊक हाय," गुणाबाई म्हणाली. "मी रोज बघते." तिने नाचणीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळाने विचारलं, "जेवून जाशील ना?"

लडकूने वाटेकडे बघितलं. मुरबाडची गाडी निघायला अजून वेळ होता, आणि नसता तरी चाललं असतं. तो अंगणात, नाचणीवर सावली पडणार नाही असा, खाली बसला.